दाढेचं तेल आणि सात नंबरचा पाला

तीर्थरूप मामा,

भाच्याचा लांबूनच साष्टांग नमस्कार (जवळ येऊन करायची हिंमत नाही). तुमची तब्येत, मामींचे गुडघे आणि शेडमधल्या दोन हजार कोंबड्या कशा आहेत? आधी कोंबड्यांचं कळवा. कुणी मान टाकून बसलंय का? पत्र कोंबडीखाद्याच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतोय, कारण फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझी वाचा बसते.

गेल्या महिन्यात जेवताना मी छाती फुगवून सांगितलं होतं, ते आठवत असेल. कोंबड्यांना जुलाब लावणारे जंतू एकटेदुकटे असले की गप्प असतात, एकमेकांना निरोप धाडतात आणि पुरेसे जमलो अशी खात्री झाली की मिळून तुटून पडतात (थेट मामींचं माहेर, हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नका). जंतू मारायचे नाहीत, नुसते मुके करायचे, असा रस झाडपाल्यात शोधणं हे आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचं काम, आणि काचेच्या ताटल्या मांडणं माझं. ताटलीत असतात ते चाचणीपुरते जंतू. आपसात बोलले की जांभळे होतात, मुके झाले की पांढरेच राहतात. सात नंबरच्या पाल्याच्या सगळ्या ताटल्या पांढऱ्या राहिल्या. मी त्या पाल्याचं नाव तुमच्या कानात सांगितलं, आणि तुम्ही डॉक्टरांचं औषध बंद करून कोंबड्यांच्या पाण्यात त्याचा काढा सुरू केलात.

त्याच महिन्यात माझी दाढ ठणकत होती. दाताच्या डॉक्टरांना मी किती घाबरतो हे तुम्हाला ठाऊक आहे (आठव्या वर्षी त्यांचं बोट चावलो, तेव्हा माफी तुम्हीच मागितलीत). म्हणून लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरून दिवस ढकलले. हातमोजा न काढताच बोटानं तो दाबायचा आणि त्याच बोटांनी सात नंबरच्या ताटल्या मांडायच्या. (तुलनेसाठीच्या बिनपाल्याच्या ताटल्या सकाळी मांडायचो, तेव्हा दाढ शांत असे.) सोमवारी तेल संपलं. त्यानंतर मांडलेल्या ताटल्या काल उघडल्या, तर सात नंबरसकट सगळ्या जांभळ्याजर्द.

बाईंना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी तेलाची बाटली मागवून हुंगली.

"पाल्यानं काहीच केलं नाही," त्या म्हणाल्या. "केलं ते तुझ्या दाढेनं."

दाढ काढून आल्याशिवाय ताटलीला हात लावायचा नाही, असा हुकूम झालाय. पण मामा, मला भीती नोकरीची नाही. माझ्या बढाईपायी तुमची शेड रिकामी होईल, याची आहे.

तुमचा,
घाबरट भाचा

ता. क. काढा आत्ताच्या आत्ता ओतून द्या आणि कोंबड्यांच्या डॉक्टरांना आजच बोलवा. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं; धीर झाला नाही.

ता. क. २ लवंगेचं तेलही पाण्यात घालू नका. तुम्ही घालाल, म्हणूनच लिहितोय.

ता. क. ३ दाढेसाठी शुक्रवारची वेळ घेतलीय. हात धरायला याल का? पण कोंबड्या धड असतील तरच. नसतील तर गुरुवारी मीच तिकडे येतो, ठणकत्या दाढेसकट. शेड झाडायला दाढ लागत नाही.