कबूल नाही

अब्बा, मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीला भेटायला धंतोलीत गेले होते. तुमचा खटला चालवणाऱ्या वकीलसाहेबांचं घर होतं तिथे आता दवाखाना आहे. तुम्ही त्या घराच्या ओसरीवर बाकाच्या अगदी टोकाला बसायचात, आणि मी शेजारी. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, म्हणून इंग्रजी कागद वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

फाळणीनंतरच्या हिवाळ्यात तुम्ही थोरल्या लेकीला, आपाला, कराचीला सासरी पोचवायला गेलात. जावई आधीच तिकडे गेले होते आणि तिला दिवस गेले होते. तिथे तुम्ही आजारी पडलात. बरे होईपर्यंत तिकडून यायला परमिट हवं, असा कायदा आला. कायमचं परतायचं परमिट काही मिळेना. मिळालं ते पाहुण्यासारखं, थोड्या मुदतीचं. ते घेऊन घरी आलात, हातमागावर बसलात, आणि मुदत संपली तरी उठला नाहीत. शेवटी काटोलच्या बाजारात लुगडी विकताना पोलिसांनी धरलं. मग तरुणपणीचा गिरणीच्या संपातला खटलाही वर आला. त्यातून तुम्ही निर्दोष सुटला होतात, पण पोलिसांच्या लेखी तुम्ही जुने आरोपी.

जामिनावर सुटल्यावर तुम्ही थकून गेला होतात. गुन्हा कबूल केला तर थोडक्यात सुटशील, असं एका शिपायानं तुमच्या कानात घातलं होतं. तेच तुम्ही वकीलसाहेबांना विचारलंत. "दंड भरतो न घरी जातो, साहेब. कोर्टात काहून घासत बसू?"

त्यांनी परमिटचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "कबूल केलंत तर घरी नाही, सरहद्दीवर जाल. गुन्हा कबूल म्हणजे तुम्ही परके, हेही कबूल." सरकारकडे कायमच्या परमिटचा अर्ज करता येईल, पण जुना खटला बघून ते नाही म्हणतील, असं त्यांनी समजावलं. लढायचं तर एकच सिद्ध करायचं होतं, की तुम्ही देश सोडून गेलाच नव्हता. त्यात हरलात तर तुरुंग किंवा हद्दपारी, हेही त्यांनी लपवलं नाही.

कोर्टातला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मॅजिस्ट्रेट विचारतात, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही टोपी नीट करता. मला वाटतं, आता हो म्हणणार.

"नाही साहेब. मी पोरीले सोडाले गेलतो. सोडून आलो."

आपल्या शेजारच्या कोष्टीकाकांनी साक्ष दिली. सरकारी वकिलांनी त्यांना बराच वेळ उलटसुलट विचारलं, पण ते एकच सांगत राहिले, "जाताना मले म्हणे, मागावरचं लुगडं अर्धं हाय, कोणाले हात लावू देऊ नको गा."

तरी खालच्या कोर्टात आपण हरलो. हद्दपारीचा हुकूम निघाला, अम्मीनं तुमचे कपडे बांधून ठेवले. हायकोर्टानं तो हुकूम आधी थांबवला आणि पुढे रद्द केला. मुलीला पोचवायला गेलेला माणूस देश सोडून गेला असं होत नाही, असा निकाल झाला. वकीलसाहेबांनी हात पुढे केला, तेव्हा तुम्ही तो दोन्ही हातांत धरून नुसते उभे राहिलात. घरी आल्यावर अम्मीनं ते कपडे सोडून पुन्हा खुंटीवर टांगले.

मग आपाची पत्रं येऊ लागली. मुलगा चालायला लागला, आता शाळेत जातो, नाना कधी येणार विचारतो. मी तुम्हाला म्हटलं, आता तुम्हाला रीतसर पासपोर्ट मिळेल, जाऊन या.

"मिळन," तुम्ही म्हणालात. "पण मी गेल्यावर मांगून कायदा बदलला तं?"

तुम्ही गेला नाहीत. आपाला तुमच्या मयतीची खबर तारेनं कळली. निकाल आपल्या बाजूनं लागलेला असताना भ्यायचं काय, असं मला तेव्हा वाटायचं, आणि नंतरही पुष्कळ वर्षं वाटत राहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. आपा आता फार म्हातारी झाली आहे. फोनवर दर वेळी विचारते, कधी येतेस. माझा पासपोर्ट कधीचा येऊन पडलाय. गुडघे दुखतात, प्रवास झेपणार नाही, असं मी तिला सांगते. गुडघे चांगले आहेत, अब्बा.