खाण कंपनीची, ताबा जावयाचा

१२ जानेवारी १९९६
लोणी भापकरला खाणीवर गेले. फाटकाला नवं कुलूप. आत थोरल्या दिरांच्या, म्हणजे तात्यांच्या, बावडा गावच्या जावयाची माणसं. आमच्याच मशीनवर खडी फोडतायत. मुकादम धोंडिबाला काल हाताला धरून बाहेर काढलं म्हणे.

१३ जाने.
तात्यांना म्हटलं, "कंपनीचे संचालक तुमी. पोलिसात तक्रार द्या."
"घरातल्या घरात कसली तक्रार? जावई हाय आपला."
मेंढरं विकून दोघा भावांनी काढलेली खाण. हे गेल्यावर यांचे शेअर माझ्या नावावर झाले. जावयाचा एक न्हाय. चहा न घेता उठले.

२० जाने.
बारामती, वकील. म्हणाले, खाण कंपनीची, तुमची एकटीची नाही. दावा कंपनीनं लावायचा. पण संचालकच बळकावणाऱ्याला सामील असतील, तर शेअरवाला कंपनीच्या वतीनं कोर्टात जाऊ शकतो. जबरीनं ताबा घेतला म्हणायचं तर सहा महिन्यांच्या आत.
म्हटलं, आजच लिहा.

२२ मार्च
तात्यांचा जबाब आला. ताबा राजीखुशीनं दिला म्हणे, तसा ठराव झालाय. बैठकीला मी हजर, असंही लिहिलंय. त्या दिवशी मी माहेरी, इंदापुरात होते. खोटारडा माणूस. दुपारी तात्या दारावरून गेले, माझ्याकडं बघून थुंकले. मीही नजर खाली घेतली न्हाय.

६ नोव्हें. १९९७
धोंडिबाकडं गेले. विचारलं, साक्ष देशील का? जावयानं त्याला परत कामावर ठेवलंय.
"वयनी, माझं पोट आता तितंच हाय."
"मग खा तिथलंच," म्हणाले. असं बोलायला नको होतं. पण

२ डिसें.
कोर्टात धोंडिबाचं नाव पुकारलं. येईल असं वाटलं नव्हतं. तात्या समोरच्या बाकावर. त्यांच्याकडं न बघता बोलला.
"राजीखुशी कुठली, साहेब. चौघांनी धरून रस्त्यावर फेकलं मला. तात्या तितंच उभं हुतं."
निकाल अजून न्हाय. पुढली तारीख.
बाहेर तात्यांनी गाठलं. "सुमन, माझ्या मयतालासुदिक येऊ नगंस."
"न्हाय येत."

एसटी स्टँडवर धोंडिबा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "वयनी, उद्या सकाळी मी कुठं जाऊ कामाला?"