सुरीवरचा खोटा शेरा

४ जानेवारी

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात सुरी आहे. उघडताना घाई करू नकोस, धार खरी आहे. पाते जुन्या करवतीच्या पोलादाचे, मूठ मोडक्या खुर्चीच्या पायाची, म्यान माझ्या जुन्या पट्ट्याचे. निवृत्त होऊन आठ महिने झाले, हातांना काही तरी हवे होते. ही मिटणारी सुरी नाही. पाते मुठीत आरपार गेले आहे, म्हणजे बिजागरी नाही आणि बिघाडही नाही.

तू रोपवाटिकेत दिवसभर सुतळ्या, पोती नि मुळ्या कापतेस. महिनाभर ही रोज कमरेला लाव आणि दोष कळव. बत्तीस वर्षे कारखान्यात मी लोकांचा माल तपासून शेरे मारले, आता माझ्या मालावर तू मार. भाची म्हणून भीड बाळगलीस तर बघ.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.

तुझा मामा

६ फेब्रुवारी

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुम्हीच बजावलंत म्हणून लिहिते. धार अप्रतिम. नऊ दिवस मिळेल ते कापलं, दहाव्या दिवशी पहिल्यांदा दगडावर घासली.

आता दोष. म्यान इतकं घट्ट की सुरी उपसायला दोन्ही हात लागतात, तोवर हातातलं रोप जमिनीवर. मूठ तुमच्या पंजाची, मला वल्हं धरल्यासारखं होतं. खाली बसलं की ती बरगडीत शिरते. त्यामुळे महिनाभर मी अशी ताठ बसले की मालकीणबाईंनी, मी व्यायामाचा क्लास लावलाय का, असं विचारलं. आणि ओल्या मातीने पात्यावर डाग पडतात.

रागावणार असाल तर माझ्यावर रागवा, मामीवर नको. माया कमी करू नका.

तुमची ठकू

१४ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

मी लिहितेय हे यांना ठाऊक नाही. तुझं पत्र यांनी तीनदा वाचलं. पहिल्यांदा, पोरीला शिंगं फुटली म्हणाले. दुसऱ्यांदा चष्मा पुसला. तिसऱ्यांदा उठून माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांनी मी लाजले गं, आणि हे पट्टीने माझा पंजा मोजत होते! तुझा साधारण एवढाच असेल म्हणे.

ठकू, आठ महिने हा माणूस नुसता खिडकीशी बसून होता. बोलणं नाही, भूक नाही. मिक्सर तीनदा खोलला, दोनदा चालू झाला. डॉक्टरांच्या गोळ्या उशीखाली सापडायच्या. आता मागच्या खोलीत सकाळपासून कानस चालते, जेवायला चार हाका माराव्या लागतात. दुसरी सुरी येईल तिच्यातही दोष काढ बाई. नसला तर रच. सगळं छान आहे म्हणालीस की पुन्हा खिडकी.

पत्र फाडून टाक, जीव मात्र लावून ठेव.

मामी

९ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

दुसरी सुरी मिळाली. अंगठ्याने ढकलली की म्यानातून सुटते, बरगडीही शाबूत आहे. फक्त हात ओला असला की मूठ निसटते. जरा बघाल का?

लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची ठकू

१९ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझ्या सुरीची जोडीदार मी इथे ठेवली होती. ती पाण्याच्या, साबणाच्या आणि तेलाच्या हाताने धरून पाहिली, मामीलाही धरायला लावली. निसटत नाही. मामीला खोदून विचारले, तर भाजी जळतेय म्हणून ती पळाली. गॅस बंद होता. मग तिने तुला लिहिलेल्या पत्राचे सगळे बाहेर आले.

मला वाईट वाटले. बत्तीस वर्षांत मी एक खोटा शेरा मारला नाही, त्यापायी एकदा बढतीही घालवली. तुझे पहिले पत्र मला झोंबले, पण बरेही वाटले. कुणी तरी माझा माल माल म्हणून बघतेय, म्हाताऱ्याचे खेळणे म्हणून नाही. गोळ्या मी डॉक्टरांकडून घेईन. तुझ्याकडून मला खरे हवे आहे.

मामा

२७ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

चुकले. तुमचं पत्र कुंड्यांच्या रांगेत उभी राहून वाचलं आणि रडले. मालकीणबाईंना सांगितलं, डोळ्यात माती गेली. पाहा, लगेच आणखी एक खोटं.

मूठ निसटत नाही. तिच्यावरच्या बारीक खाचांवरून मी पहिल्याच दिवशी बोट फिरवलं होतं.

एक तक्रार मात्र खरी आहे, मामीने शिकवलेली नाही. रोज जवळ बाळगायला म्हणून पाठवलीत, पण ती माझ्याजवळ राहतच नाही. सकाळी कलमं बांधणारी मावशी नेते, दुपारी टेम्पोचा ड्रायव्हर. संध्याकाळी ती मालकीणबाईंच्या कमरेला असते, आणि वर त्या मलाच विचारतात, तुझं काही काम होतं का. आत्ताही ती कुणाकडे आहे, देव जाणे.

माफ केलंत असं समजू ना?

तुमची ठकू

५ एप्रिल

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

शेरा मिळाला. मान्य. मावशी, ड्रायव्हर आणि मालकीणबाई यांचे पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून पाठव. डावखुरे कोण, तेही लिही. राग म्हणशील तर तो पोलादाच्या किसाबरोबर झाडून टाकला.

मामीलाही एक सुरी करून दिली. तिने चार दिवसांत सात दोष काढले. दोन खरे निघाले, त्यांवर काम चालू आहे. उरलेले पाच सुरीचे नाहीत, माझे आहेत.

तुझा मामा