लाईन क्लिअर होती

नाना, घरातलं नेट महिनाभर धड चालत नव्हतं, म्हणून तुमची आठवण आली. खोटं कशाला बोलू, एरवी तुम्ही आठवता ते सणावारी, पान वाढताना. ह्या वेळी रोज आठवलात. तुम्ही गेलात तेव्हा घराघरांत तारेचा फोन होता आणि टेलिफोन खात्यातले लाइनमन म्हणून त्या तारेची खडान् खडा माहिती तुम्हाला होती. आता एक पांढरा डबा असतो, राउटर म्हणतात त्याला. बाहेरून त्यात एक बारीक वायर येते आणि पुढे तो डबा सगळं हवेतूनच घरभर पोचवतो. मोबाइलवर माणूस नुसता ऐकू येत नाही, दिसतोसुद्धा. तुमचा नातू बंगळुरूला असतो आणि दर रविवारी दुपारी एक वाजता असा दिसतो. तुमचे जावई गेल्यापासून जळगावच्या ह्या घरात मी एकटी. भाजीवाली आणि शेजारची अक्का सोडली, तर आठवड्यातून माझ्याशी बोलणारा तो एकच. त्या एका फोनवर माझा आठवडा चालतो, हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही.

चैत्र लागला आणि बिघडलं. तो बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजायचा, आवाज तुकड्या-तुकड्यांनी यायचा. दोन रविवार असेच गेले. "आई, तुझं नेट फार स्लो आहे गं, ठेवतो." तिसऱ्या रविवारी त्याने फोनच केला नाही, नुसता मेसेज टाकला, नेट नीट झालं की कळव. मी जेवायची थांबले होते. कंपनीला फोन लावला, तर तिथली बाई गोड आवाजात म्हणते, "मॅडम, राउटर बंद करून परत चालू करा." चार दिवसांत पाच वेळा तेच. म्हटलं, बाई गं, हे तर मी पंख्यालाही करते.

मग धरणगावच्या जिनिंग फॅक्टरीतली तुमची ती गोष्ट आठवली. मी चौथीत असेन. तिथल्या शेटजींच्या फोनमध्ये खरखर होती आणि तुमचे दोन जोडीदार आठवडाभर खांब चढून दमले होते. तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून नेता, खांबाकडे बघतही नाही, सरळ ऑफिसात शिरता. "पहिले घरमा देख, मंग खांबवर चढ," असं मला सांगता आणि भिंतीकडेने वायर हाताने चाचपत जाता. मुनीमजींनी लोखंडी कपाट सरकवलं होतं, त्याचा पाय नेमका वायरवर. मला असं हसू फुटलं की मुनीमजी कानापर्यंत लाल झाले. परत येताना तुम्ही सायकल थांबवून मला खाली उतरवलंत. "फॉल्ट काढाना, मानूसले हसानं नही." एवढंच बोललात, पण घरापर्यंत मला चालवलंत. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

तर मीही घरातूनच सुरुवात केली. डोळ्यांना चष्मा, हातात शंभर पानी वही, आणि मोबाइलवर वेग मोजायचं ते ॲप. टीव्हीचं नेट बंद केलं, जुना मोबाइल बंद केला, एकच चालू ठेवला. डब्याजवळ उभं राहून मोजलं, मग स्वयंपाकघरात, मग झोपायच्या खोलीत, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सकाळी कुठेही उभी राहा, वेग झकास. साडेअकरानंतर हॉलमध्ये पार मेलेला. डब्याला अगदी चिकटून मोजलं की दुपारीही झकास. म्हणजे बाहेरून येणाऱ्या वायरीत काही नव्हतं, जे होतं ते घरातच. दोन दिवस वहीकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी कपाळावर हात मारला.

नाना, कूलर. डबा हॉलच्या खिडकीत ठेवलेला, कारण वायर तिथूनच आत येते. नेट घेतलं ते थंडीत, तेव्हा कूलर माळ्यावर होता. आता साडेअकरा वाजले की मी चाकांचा तो भलामोठा पत्र्याचा कूलर ढकलत नेऊन त्याच खिडकीला लावते, टाकी गळ्यापर्यंत भरते आणि समोर गार वाऱ्यात खुर्ची टाकून लेकाची वाट बघते. डबा पलीकडे, मी अलीकडे, मध्ये पत्रा आणि पाणी. वरून धूळ बसू नये म्हणून त्या डब्याला मी झालरीचं कव्हर शिवून घातलेलं, जसं मिक्सरला आहे तसं. आपल्याकडच्या उन्हात बिचारा आत शिजत होता. कव्हर काढलं. नेटवाल्याला बोलावून वायर वाढवून घेतली आणि डबा दाराच्या वर, भिंतीवर बसवून घेतला. तो म्हणाला, "मावशी, कूलरमागचे राउटर ह्या महिन्यात बरेच हलवले मी." हसला मात्र नाही.

शनिवारी मोजलं, हॉलमध्ये ऐन दुपारी, कूलर चालू असताना. सगळीकडे सारखा वेग. इतका आनंद झाला की एकटीपुरता का होईना, शिरा केला. लेकाला आधी सांगितलं नाही, म्हटलं बघेल आणि चकित होईल. मेसेजमध्ये फक्त एवढंच लिहिलं, उद्या करून बघ.

रविवारी एक वाजता तो आला. इतका स्पष्ट, की दाढीत दोन पांढरे केस दिसले. त्याच्या मागे खिडकीचा पडदा हलत होता. जेवलीस का, गुडघा कसा आहे, झालं. मी अक्काच्या घरची गोष्ट सांगायला घेतली. त्याची नजर बाजूला गेली, कुणीतरी आत आलं असावं. मग तो म्हणाला, "आई, तू अडकतेयस गं. तुझं नेट अजून स्लोच आहे. ठेवू का?" पडदा हलतच होता नाना, आणि त्याचा आवाज अगदी कानाशी होता.

त्याच्यावर रागवायला मी तोंड कुठून आणू? मी धुळ्याला नोकरीत होते, हा अंगावर होता, आणि आई गेल्यावर तुम्ही दर रविवारी धरणगावहून फोन करायचात. तेच तेच सांगायचात, पाणी आलं, नाही आलं. मी म्हणायचे, नाना, आवाज येत नाही, लाईनमध्ये खरखर आहे. तुम्ही म्हणायचात, "हां बेटा, खरखर शे. ठेव मंग." तुमच्या तेराव्याला तुमच्या ऑफिसातले एक जोडीदार माझ्याजवळ बसले आणि सहज बोलून गेले, की तुम्ही एकदा धुळ्यापर्यंतची लाईन तपासून घेतली होती. लाईन क्लिअर होती. त्यानंतर पुन्हा कधी तपासायला सांगितलं नाहीत, आणि तरीही वर्षानुवर्षं खरखर शे म्हणत राहिलात. मी त्यांच्यासमोर रडले नाही. आज रडले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? शंभर पानी वहीतच राहील, आकड्यांच्या मागच्या पानांवर. एक मात्र कबूल करते. नेट दुरुस्त झालंय हे मी लेकाला अजून सांगितलेलं नाही. "हो रे, स्लोच आहे, ठेव तू," असं म्हटलं, आणि पुढच्या रविवारीही तेच म्हणेन.