विजूताईंच्या घरात माणसं किती

सोम., ६ ऑक्टो.
मुग्धाच्या अमेरिकेच्या व्हिसाची फाइल आज पुढे सरकली. म्हणजे अडकली. जावई तिथेच जन्मलेला, तिथला नागरिक, पण चिन्मय अजून पीएचडी करतो आणि विद्यावेतनावर बायको नेता येत नाही. बरोबरीने दुसरा कोणीतरी आर्थिक प्रायोजक हवा, तोही तिथेच राहणारा. त्याचे आईवडील कायमचे पुण्याला परतलेत, म्हणजे ते बाद. लग्नाला अकरा महिने झाले. मुग्धा इथे अबुधाबीत आमच्याकडे, तो तिथे मिशिगनला; दोघं एका घरात राहिली एकोणीस दिवस.

अरुण म्हणाला, "ताईला विचारू." विजूताई, याची मोठी बहीण, न्यू जर्सीत फार्मसीत नोकरीला. मी आजवर त्यांच्याकडे काही मागितलेलं नाही. "विचार मग," म्हटलं, तर नंबर लावून फोन माझ्याच हातात दिला.

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या: "मुगूसाठी ना? अगं, सही कुठे करायची तेवढं सांग."

गुरु., ९ ऑक्टो.
वि.ताईंचे कागद आले. व्हॉट्सॅपवर, फोटो काढून. पासपोर्टवर त्यांचा अंगठा, मागे चकलीचा सोऱ्या. टॅक्सचा उतारा तिरका. पगाराचा वार्षिक दाखला खालून कापलेला. नोकरीचं पत्र नाहीच.

यादी करून पाठवली: सपाट टेबल, दिवसाचा उजेड, अंगठा नको, फराळ नको.

वि.ताई: "सुधा, तू रिटायर झालीस ना गं? शाळेला कळवलंयस का?"

अरुण हसला. मीही, पण नंतर.

रवि., १२ ऑक्टो.
स्कॅन स्वच्छ आले. सरकारी अर्ज टाइप करून देतात त्या टायपिंग सेंटरला जाऊन प्रिंट काढले. तिथला बशीर म्हणाला, "मॅडम, स्टॅम्प किधर से लेना है?" कुठूनच नाही म्हटल्यावर त्याने कागद उलटसुलट करून पाहिले. इथे इतकी वर्षं काढल्यावर मलाही शिक्क्याशिवाय कागद अर्धवट कपड्यांत वाटतो.

घरी येऊन फॉर्म ओळीओळीने वाचला. कुटुंबातील माणसं: नऊ.

वि.ताई, त्यांचे यजमान सुरेशराव, कॉलेजातला मुलगा रोहन. इथवर ठीक. पुढे पाहुणी म्हणून सहा महिन्यांसाठी आलेली सासू, तिथे शिकायला आलेला पुतण्या, वर राहणारी कमावती मुलगी, कमावता जावई, त्यांचं बाळ. नववी आपली मुग्धा. देवघरातला बाळकृष्ण तेवढा राहिला.

नऊ माणसं धरली तर त्यांचा पगार पुरत नाही. नियमाने धरायची फक्त टॅक्समधली पहिली तिघं आणि मुग्धा, म्हणजे चार, आणि चाराला आरामात पुरतो.

सोम., १३ ऑक्टो.
"तूच सांग. ती माझी मोठी बहीण आहे." अरुणचं शौर्य.

सांगितलं. फॉर्मच्या सूचनांतलं पान, परिच्छेद, सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आई माझ्या घरातल्या नाहीत? त्या इथे शेजारी बसल्यात, सुधा. त्यांच्यासमोर त्यांचं नाव खोडू?"

मी म्हटलं, हो, नियम तसा आहे.

फोन ठेवला त्यांनी.

शुक्र., १७ ऑक्टो.
चार दिवस शब्द नाही. व्हॉट्सॅपवरची सकाळची फुलंसुद्धा येत नाहीत, ज्यांना मी कधी उत्तर देत नसे.

मुग्धा: "आई, व्हॉट एग्झॅक्टली डिड यू से टू हर?" नियम सांगितला, दुसरं काय. "इन व्हिच व्हॉइस?"

दुसरा प्रायोजक कोण, याचा विचार केला. कोणी नाही. मुलगी रात्रीचं जेवण फोनमधल्या नवऱ्यासमोर ताट ठेवून जेवते.

रवि., १९ ऑक्टो.
आपणहून फोन केला. काय बोलायचं ते लिहून घेतलं होतं, ते वाचलंच नाही. म्हटलं, विजूताई, चुकलं माझं बोलणं. तुमच्याकडे पान कोणाकोणाचं वाढतात ते मी पाहिलंय, मीसुद्धा तिथे दीड महिना जेवले आहे. त्या फॉर्मला फक्त टॅक्समधली माणसं कळतात. मुग्धाला जाऊ दे हो तिच्या घरी.

त्या म्हणाल्या, "आईंनी परवाच सांगितलं. मला खोड गं त्या कागदावरून, जेवायला हाक मारलीस म्हणजे झालं." आणि हसायला लागल्या. "मी तुझ्या फोनची वाट बघत होते. बघू म्हटलं, करते का."

केला ना.

बुध., २२ ऑक्टो.
नवा फॉर्म आला. चार. सही जागेवर, तारीख जागेवर, नोकरीचं पत्रही. सगळं अपलोड केलं. बरोबर पाडव्याचे फोटो तेवीस. त्यातले काही बरे आहेत.

बुध., १४ जाने.
तिळाच्या वड्या थापत होते. मुग्धा ऑफिसातून फोनवर ओरडत. कागद सगळे मान्य, मुलाखत १० फेब्रुवारीला, इथेच अबुधाबीत. वड्या जाड झाल्या. अरुणने विजूताईंना कळवलं तर त्यांनी मुगूसाठी वरची खोली रिकामी करायला घेतली. मुग्धा राहणार मिशिगनला. असू दे खोली.

मंगळ., १० फेब्रु.
सकाळी खलिफा सिटीहून वेळेच्या फार आधी निघालो. मुग्धा: "यल्ला, चल, पण एम्बसी इजंट रनिंग अवे, आई." फाइल तिच्या हातात, आत फोन नेता येत नाही म्हणून तिचा माझ्याकडे. गाडीत बसून हे लिहितेय. अरुण चहा आणायच्या नावाखाली फेऱ्या मारतोय.

सव्वा तास झाला.

चिन्मयचा फोन तिच्या फोनवर. तिथे रात्रीचे दोन. "आई, आली का बाहेर?" नाही. झोप तू. "झोप येत नाहीये." फाइलमध्ये कागद कसे लावलेत विचारलं त्याने. सांगितलं, अनुक्रमाने. मग मुग्धा सकाळी काय खाऊन गेली ते. मग त्याच्या स्वयंपाकघरात कुकर आहे का ते मी विचारलं. आहे, पण शिट्टी नाही म्हणे.

एम्बसीचं दार उघडलं. एक सरदारजी, मग एक बाई मुलाला घेऊन. आपली नाही.

"आई, आहात ना?"

आहे म्हटलं. फोन चालूच आहे.