पेसामिनोची पहिली ओळ

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळ.

ही वही महिला समितीची. मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. समितीची अध्यक्ष मीच, मग विचारायचं कोणाला? मी सांगते, हे लिहितात. मला अक्षर येत नाही म्हणून नव्हे. यांचं वळणदार आहे म्हणून. हसू नका, लिहा.

पेसामिनो येतोय. माझा धाकटा. ऑकलंडहून, बायको-पोरांना घेऊन, पांढऱ्या रविवारसाठी, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या सणासाठी. काल फोनवर एकच मागणं केलंन. ‘आई, तू माझा गेम काढून घेतला होतास, तो आहे का गं अजून?’

आहे. एकोणीस वर्षं लग्नात द्यायच्या ठेवणीतल्या चटयांखाली आहे. तो पंधराचा असताना मी स्वतः वायर उपटून जप्त केला आणि गावभर बंदी घातली. कुठल्याशा अमेरिकन शहरात हिंडायचं, दिसेल ती गाडी पळवायची, पोलीस मागे लावून घ्यायचे. असल्याने पोरं बिघडतात, हे मी समितीत ठणकावून सांगितलं. गेम पाहिला नव्हता. वाईट गोष्ट कळायला पाहावी कशाला लागते?

निश्चय: त्याच्या हाती देण्याआधी एकदा तपासणी. दहा मिनिटं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

तपासणी चार तास चालली. हे मासे धरायला गेले होते ते बरं.

एक गाडी पळवली. मग वाईट वाटलं म्हणून मालकाला परत द्यायला गेले, तर मालकच किंचाळत पळाला. माझी काय चूक?

शेवटी गेममधल्या एका घरात शिरले. यंत्राने ओळी दाखवल्या, एकाखाली एक. मी पहिली घेतली. या गावात पहिली जागा माझीच असते. मग त्याने काहीतरी विचारलं. मी फुलीचं बटण दाबून हो म्हटलं. कोणी विचारलं तर तोंडावर नाही म्हणू नये, ही आपली रीत. यंत्र खूश झालं, टुंग वाजलं.

२० सप्टेंबर, शनिवार.

पेसामिनोचा फोन. ‘आई, त्यातल्या कार्डावर माझा खेळ साठवलेला आहे, पहिली ओळ माझी. हात लावू नकोस हं. सत्त्याण्णव टक्के झालंय. एक काम राहिलं होतं फक्त, आणि तू वायर उपटलीस! पोरांना मी रोज ही गोष्ट सांगतो.’

मी म्हटलं, ‘मी बापडी कशाला हात लावू?’

फोन ठेवला आणि यांना टीव्हीच्या पडद्यासमोर उभं केलं. यांनी वाचलं: पहिली ओळ, एक टक्का. खालच्या सगळ्या रिकाम्या.

हे म्हणाले, ‘काल यंत्राने तुला काय विचारलं होतं?’

मी म्हटलं, ‘तब्येत.’

हे म्हणाले, ‘जुनं पुसून नवं लिहू का, असं विचारलं असणार.’

एकदा वायर उपटली ती उपटली. आता ओळही पुसली, हे पोराला कळता कामा नये. अकरा वर्षांनी घरी येतोय तो. निश्चय: उरलेले शहाण्णव टक्के मी करणार. दिवसाला पाच, वीस दिवस. चार वर उरतात, ते समितीला.

२२ सप्टेंबर, सोमवार.

दोन टक्के. शनिवारचा दिवस विचारात गेला, रविवार देवाचा.

अडचण अशी की आपल्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. बंदी घालणारी बाईच गेम खेळतेय, हे रस्त्यावरून दिसणार. म्हणून झावळ्यांचे पडदे खाली सोडले. लख्ख ऊन, आणि पडदे खाली. अर्ध्या तासात सिनापाती सूप घेऊन हजर. समितीची उपाध्यक्ष, नाक सतत वाऱ्यावर. ‘कोण आजारी आहे गं?’

मी म्हटलं, ‘हे.’

हे शहाण्यासारखे आडवे झाले. दोन वाट्या सूप प्यायले. तिसरी मागायची काय गरज होती?

२४ सप्टेंबर, बुधवार.

दोनच टक्के. दोष माझा नाही, यांचा आहे. हे तीस वर्षं बस चालवायचे. सरकारने रस्त्याची बाजू उजवीकडून डावीकडे केली, तेव्हा यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा बसला हात लावला नाही. या गेममध्ये सगळे उजवीकडून जातात. ते पाहून यांचे डोळे भरून आले. ‘बघ, रस्ता असा असतो.’ तेव्हापासून मला काम करू देत नाहीत. बस पळवायला लावतात आणि प्रत्येक थांब्यावर उभी करायला लावतात. वर मलाच ऐकवतात, ‘अगं, लाल दिव्याला या गेममध्ये कोणी थांबत नाही.’

मी थांबते. चोर असले म्हणून काय झालं?

२७ सप्टेंबर, शनिवार.

तीन टक्के. एका मोटारसायकलवाल्याच्या मागे चार दिवस लागले आहे. सापडत नाही. उद्या नाही, परवा सापडेल.

आज दुकानात जाताना रस्ता ओलांडला. बसवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि ओरडला, ‘फुआतिनोआजी, सोळा वर्षं झाली बाजू बदलून! कुठे बघता?’

मी त्याला म्हटलं, ‘तूच चुकीच्या बाजूने येतोयस.’ हे म्हणाले, ‘बरोबर बोललीस.’ गेमचा माझ्यावर काही परिणाम होतो असं कोणी म्हणेल, तर तो वेगळा विषय आहे. माझी मान जुन्या वळणाची आहे, एवढंच.

३० सप्टेंबर, मंगळवार.

मोठा प्रसंग. मोटारसायकलवाला सापडला! त्याला गाठणार, इतक्यात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. प्रार्थनेच्या वेळी कोणी हिंडू नये म्हणून गावातले तरणे हातात काठ्या घेऊन रस्त्यावर उभे राहिले, आणि माझ्या मागे गेममधले पोलीस. गेम थांबवायचं बटण कुठलं, हे मला माहीत आहे. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच. गाडी एका गल्लीत लपवली आणि गुडघे टेकले. हे प्रार्थना सांगायला लागले. ‘हे आमच्या स्वर्गातल्या पित्या’, आणि मागून सायरन. ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’, आणि धाड धाड गोळ्या.

बाहेरून एक पोरगा ओरडला, ‘आजी, आत काय चाललंय?’

हे म्हणाले, ‘आमेन.’

दंड: माशांच्या डब्यांचा एक खोका. प्रार्थनेच्या वेळी गोंगाट केला तर हा दंड, असा नियम महिला समितीचा. मीच केला होता. नियम चांगला आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

पाच टक्के. पाहा, वाढतात.

सिनापाती आज सूप न आणता आली, सरळ पडदा वर करून. मला वाटलं, आता समितीत बोंब होणार. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, ‘तो पांढऱ्या गाडीवाला कोण? तिच्यावर लाल दिवा आहे.’ रुग्णवाहिका आहे, म्हटलं. ‘मला दे.’

दुपारभर तिने माणसं दवाखान्यात पोचवली. तीन वाचली, बाकीची तिच्याच चाकाखाली आली. घरी जाताना म्हणाली, ‘बंदी कोणी घातली होती गं यावर?’ मी म्हटलं, ‘समितीने.’

७ ऑक्टोबर, मंगळवार.

आठ टक्के. काल समितीची बैठक माझ्या घरी भरली. विषय: पांढऱ्या रविवारची तयारी. सहा बायका आल्या. पोरांच्या कपड्यांचं बोलणं दहा मिनिटांत उरकलं, मग सूर्यास्तापर्यंत गेममधला पूल ओलांडून कसं पळायचं यावर चर्चा. एकीचं मत पोहून जावं. गेममधल्या माणसाला पोहता येत नाही, हे तिच्या प्रयोगाने कळलं. दोनदा.

वहीच्या पुढच्या, समितीच्या पानांवर हे सगळं सविस्तर लिहा म्हणून यांना सांगितलं. यांनी ‘इतर विषय’ एवढंच लिहिलं. माणसाला कामाची आस्था हवी.

पाच दिवस उरले. दिवसाला अठरा टक्के केले की झालं. जमेल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

अकरा टक्के.

अकरा म्हणजे काही कमी नाहीत. सहा बायका आणि एक बसचालक मध्ये कडमडत असताना अकरा. एक्काहत्तराव्या वर्षी अकरा. आज तो मोटारसायकलवाला संपवला, तेव्हा सिनापातीने मला मिठी मारली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

पण सत्त्याण्णव नाहीत. संध्याकाळी यांनी विचारलं, ‘त्याला काय सांगणार आहेस?’ मी तयारी ठेवली आहे. यंत्र जुनं, हवा खारी, खाल्लं त्याने. हे म्हणाले, ‘खरं सांग की.’ मी म्हटलं, ‘तुम्ही लिहा. सांगायचं काम माझं.’

११ ऑक्टोबर, शनिवार.

पेसामिनो आला. जाडजूड झालाय. मिठी मारलीन, रडलो दोघं. रात्रीच्या जेवणात नारळाच्या दुधातली अळूची पानं चार वेळा घेतलीन. पोरं मला विचारतात, ‘आजी, बाबांचं एकच काम राहिलं होतं ना?’ मी त्यांना आणखी वाढलं.

जेवण झाल्यावर तो एकटाच गेमपाशी गेला. मी मागे उभी, खारी हवा तोंडात तयार. त्याने सुरू केलं. पहिली ओळ. बघत राहिला. मग वळून हळूच म्हणाला, ‘आई, तू पाहिलंस का हे? अकरा.’

मी तोंड उघडलं.

‘पोरांना सांगू नकोस हं,’ तो म्हणाला. ‘सत्त्याण्णव मी नुसतं म्हणायचो. मला तो मोटारसायकलवाला कधी सापडलाच नाही. वर्षभर अडकलो होतो. मला तर नऊच आठवत होते. अकरा निघाले! म्हणजे मला वाटलं त्याहून मी बरा होतो की.’

एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं मी त्या वायरीचा दोष अंगावर बाळगला, आणि नऊ टक्के!

मोटारसायकलवाला मी पकडला, असं ओठावर आलं. पण ते सांगायचं तर ओळ पुसल्याचंही सांगावं लागतं. मी म्हटलं, ‘हुशार होतास तू लहानपणापासून.’ हे खांबाकडे तोंड करून खोकत होते. खोकला नव्हता तो.

१२ ऑक्टोबर, रविवार. पांढरा रविवार.

चर्च झालं. पोरं पांढऱ्या कपड्यांत बगळ्यांसारखी. आजचा दिवस त्यांचा: त्यांनी आधी बसायचं, आधी जेवायचं, आम्ही म्हाताऱ्यांनी वाढायचं. मी वाढलं.

मग पोरांनी गेम मागितला. पहिल्यापासून, बाबांनी शिकवायचा. समितीच्या बायका आपोआप जमल्या. अर्ध्या तासाने पेसामिनो गेममधल्या त्या घरात शिरला. ओळी आल्या. त्याने पोरांना विचारलं, ‘कुठली घ्यायची?’ दोघं ओरडली, ‘पहिली! आज पहिली जागा आमची!’

यंत्राने विचारलं. हे चटकन पुढे झुकले. मीही झुकले. कोणाला लिहून दाखवता येणार नाही, अशी झुकले. पेसामिनो पोरांशी हसत होता. फुलीचं बटण दाबलं त्याने. टुंग.

पहिली ओळ, शून्य टक्के.

तो ‘अरेच्चा’ म्हणाला. मग पोरांकडे वळून, मान डोलावत, ‘यंत्र जुनं झालंय रे. इथली हवा खारी. खाल्लं त्याने.’

सिनापाती माझ्याकडे बघत होती. मी कोणाकडेच बघितलं नाही.

माझे अकरा टक्के. वीस दिवस, माशांचा एक खोका आणि दोन वाट्या सूप. तिसरीसुद्धा. कोणाला सांगायची सोय नाही.

आणि त्याला म्हणे वाचता येतं!