घर चुकलेलं प्रथिन

आई, मावशीचा रिपोर्ट आला. साठी उलटली तरी तिचे मुतखडे थांबेनात, किडनीही मागे पडायला लागली, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला लावली होती. परवा रोह्याला तिच्या ओट्यावर बसून मी तो रिपोर्ट दोनदा वाचला. "काय हाय गो? वाईट हाय का?" मावशी विचारत होती. औषध आहे, एवढंच मी म्हटलं.

मी कॉलेजात काय शिकवते हे तू असतीस तर कधीतरी विचारलं असतंस, म्हणून सांगते. आपल्या पेशीच्या आत वेगवेगळ्या खोल्या असतात आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं. ती कामं करणारी प्रथिनं तयार होतात एका जागी आणि लागतात दुसऱ्याच जागी. कोणी कुठे जायचं ते प्रथिनाच्या अंगातच लिहिलेलं असतं. ते वाचणारे वेगळे, पोचवणारे वेगळे. काही प्रथिनं तर इवल्याशा पिशव्यांत भरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेली जातात. मावशीच्या यकृतातलं एक प्रथिन पेरॉक्सिझोम नावाच्या खोलीत जायला हवं. तिथे एका पदार्थाची वासलात लावणं हे त्याचं काम. पण तिच्यात ते मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भलत्याच खोलीत जाऊन बसतं. प्रथिन तसं धड आहे, त्याला काम येतं. फक्त काम आहे तिथे ते नाही. मग तो पदार्थ साठतो, त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे खडे किडनीत. हे जन्मापासूनचं असतं. भरपूर पाणी प्यायलं तर त्रास कमी होतो हे खरं, पण पाणी कमी प्यायल्याने हा आजार होत नाही. हे शेवटचं वाक्य तुझ्यासाठी आहे.

हा धडा शिकवताना दर वर्षी मला पेणचा गणपतीचा कारखाना दिसतो. तू पाठवणीच्या खोलीत असायचीस. डोळ्यांची आखणी होऊन मूर्ती आली की मागे घराची चिठ्ठी चिकटवायची, तोंडावर रुमाल बांधायचा आणि कुठली मूर्ती कुठल्या टेम्पोत ते सांगायचं. तुझी चिठ्ठी कधी चुकली नाही, अशी मालकांची सगळ्यांना ग्वाही. आणि त्या वर्षी चुकली. हरतालिकेचा दिवस होता, तुझा कडक उपास, पाण्याचा थेंब नाही. त्यात सकाळपासून मुतखड्याने कमरेतून कळा येत होत्या. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तुला घरी न्यायला आले तर कोलाडहून फोन आलेला. एका घरी रुमाल सोडला तर उजव्या सोंडेचा गणपती! त्याचं सोवळं कडक, ज्यांच्या घरी पूर्वापार चालत आलंय तेच तो बसवतात. त्या घरातली बाई घाबरून रडत होती. मालक तुला सगळ्यांदेखत बोलले. तू दुसरी, डाव्या सोंडेची मूर्ती घेऊन टेम्पोत चढलीस, आणि तुझी अवस्था बघून मीही चढले.

कोलाडला तू त्या बाईपुढे हात जोडलेस. "मूर्तीत काय खोट नाय गो ताई. घर चुकलं, ती माजी चूक." तिने तुला बसायला पाट दिला. तुला वाकताही येत नव्हतं, तरी जाताना तू तिच्या मखराची फुलं नीट करून दिलीस. मी दारात उभी, सगळं बघतेय, आणि मला तुझी दया येत नाहीये, तुझा राग येतोय.

परतताना नागोठण्याच्या अलीकडे तू कळ आली म्हणून टेम्पो थांबवायला सांगितलास. तेव्हा मी ड्रायव्हरसमोर तोंड सोडलं. पाणी पीत नाहीस, कारखान्यात बायकांना संडास नाही म्हणून दिवसदिवस कोरडी राहतेस, वर हे उपास. दुखणं तू स्वतः ओढवून घेतेस आणि निस्तरायचं आम्ही. मी जीवशास्त्र शिकत होते ना, मला सगळं कळत होतं. तू बाहेर बघत म्हणालीस, "व्हय बाय, माजंच चुकतं." दोन वर्षांनी किडन्या निकामी होऊन तू गेलीस.

तुझी तपासणी कधीच झाली नाही. पण सख्ख्या बहिणी, तेच खडे, तीच कळ. मला शंका उरलेली नाही. मावशीला आता रोज बी सिक्सची गोळी सुरू झाली आहे, साधी जीवनसत्त्वाची. सगळ्यांना ती लागू पडत नाही, तिला पडतेय. तुला पडली असती का, हा विचार मी मनात येऊ देत नाही, तरी येतो.

मावशीला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आक्कालाबी ह्येच व्हतं? आपण तिला किती बोललो गो." आपण नाही आई, मी बोलले. तू गेलीस तेव्हा मी रडले नाही. पोरगी घट्ट मनाची, असं लोक म्हणाले. मी घट्ट नव्हते, रागावलेली होते. हिने स्वतःकडे बघितलं असतं तर आज असती, असं वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत आले. तुझ्यावर रागावून राहिलं की तुझं नसणं सोसता यायचं.

हे पत्र वहीतच राहील. काल मुलीचा फोन आला होता. मावशीआजीचं ऐकून तिने विचारलं, "आपल्या आजीलाही किडनीचंच होतं ना?" मी हो म्हटलं. "पण ती पाणीच प्यायची नाही ना," ती म्हणाली. माझंच वाक्य. मी तिला थांबवलं नाही.